जुना वेल्डिंग जनरेटर : आधी इंजिन बघायचं की वायंडिंग?

प्रश्न : सक्करदऱ्यात माझं ग्रिल-गेटचं छोटं दुकान आहे. दुकानातलं काम लाइटवर होतं, पण अलीकडे उमरेड रोडकडच्या गावांतून शेड, टाकीचे स्टँड, कल्टिव्हेटरची दुरुस्ती अशी कामं येतात. तिथे व्होल्टेजच नसतं. एका कबाडीकडे जुना डिझेल वेल्डिंग जनरेटर बघून ठेवला आहे. एक सिलिंडरचं सात एचपीचं किर्लोस्कर इंजिन आहे, पाटी २०० अँपिअरची आहे, दोन-तीन वर्षांपासून बंद आहे. नवा परवडत नाही. हा घ्यावा का? घेतला तर काय बघावं आणि दुरुस्तीत कुठे पैसा मुरेल?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या पत्रात इंजिनाची सगळी माहिती आहे आणि जनरेटरबद्दल फक्त पाटीवरचा आकडा आहे. जुनं मशीन बघायला जाणारा जवळपास प्रत्येक जण हेच करतो. इंजिन वाजतं, धूर सोडतं, हँडलला झटका देतं, म्हणून नजर तिकडेच लागते. जनरेटर मुकाट बाजूला बसलेला असतो आणि पुढे पैसा तोच खातो. सिंगल सिलिंडर डिझेल इंजिनाचा कुठलाही आजार नागपुरात बरा होतो. जळालेल्या आर्मेचरचं बिल मात्र कधी कधी मशीनच्या किमतीला जाऊन भिडतं. तेव्हा आधी वायंडिंग, मग इंजिन.

त्याच्याही आधी पाटीवरचा आकडा तपासू. त्यासाठी कागद-पेन्सिल पुरते. रॉडने वेल्डिंग करताना आर्कचं व्होल्टेज साधारण २० अधिक करंटचा पंचविसावा भाग इतकं धरतात. म्हणजे २०० अँपिअरला २८ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार ५६०० वॅट. एवढी ताकद होल्डरच्या टोकाला हवी. जुन्या जनरेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर इंजिनाने सव्वानऊ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे साडेबारा एचपी द्यायला हवेत. तुमचं इंजिन सात एचपीचं. किर्लोस्करचं टीव्ही-१ असेल तर १५०० आरपीएमला ५.२ किलोवॅट. त्याचे ६० टक्के म्हणजे ३.१ किलोवॅट, आणि तेवढ्यात सव्वाशे अँपिअरच्या पुढे मजल जात नाही. पाटी खोटीच असेल असं नाही. जनरेटर २०० अँपिअरचा असू शकतो, मूळ मोठं इंजिन काढून कोणी तरी लहान बसवलं असेल. कबाडात अशा जोड्या पुष्कळ जुळवलेल्या असतात.

सव्वाशे अँपिअर कमी आहेत का? तुमच्या कामाला नाहीत. १० नंबरचा रॉड, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा, ९० ते १३० अँपिअरमध्ये जळतो, १२ नंबरचा त्याहून कमीत. शेडचे ट्रस, स्टँड, कल्टिव्हेटरचे फण एवढ्यात निभतात. ८ नंबरचा रॉड लागणारी जाड प्लेटची कामं या मशीनवर घेऊ नका. आणि भाव करताना २०० अँपिअरचे पैसे देऊ नका. पाच एचपीचं एव्ही-१ असतं, तर मी तुम्हाला १२ नंबरच्या रॉडपुरतंच घ्या म्हटलं असतं.

आता जनरेटर. मागचं जाळीचं झाकण काढायला लावा. विकणारा नाही म्हणाला, तर तिथूनच परत या. आत तांब्याच्या पट्ट्यांचा गोल कम्युटेटर आणि त्यावर टेकलेले कार्बन दिसले, तर तो जुन्या पद्धतीचा डीसी जनरेटर आहे. कम्युटेटर नसेल आणि ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसवलेले डायोड दिसले, तर अल्टरनेटर आणि रेक्टिफायर आहे. दोन्ही चांगले. कम्युटेटरवाल्याचा आर्क फार मऊ लागतो आणि जुने वेल्डर त्याचं नाव अजून काढतात, पण त्याची निगा जास्त.

कम्युटेटर असेल तर घाई करू नका. इंजिन बंद ठेवून, हँडलने सावकाश फिरवत, टॉर्चच्या उजेडात एकेक पट्टी बघा. पट्ट्यांवर चॉकलेटी रंगाचा गुळगुळीत थर असेल तर ते तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. तो मळ समजून घासून काढू नका, कार्बन त्याच थरावर नीट सरकतात. सगळ्या पट्ट्या सारख्याच काळवंडल्या असतील तर स्प्रिंग ढिल्या झाल्या असतील किंवा कार्बन झिजले असतील. तो खर्च किरकोळ. पण ठरावीक अंतरावरच्या एक-दोन पट्ट्यांच्या कडा जळून खड्डे पडले असतील, बाकीच्या स्वच्छ असतील, तर आर्मेचरमधली एखादी कॉइल तुटलेली आहे. मग टॉर्च आतल्या कव्हरवर, कम्युटेटरच्या बरोबर समोर फिरवा. तिथे चंदेरी थेंबांची ओळ चिकटलेली दिसली, तर आर्मेचर कधी तरी इतकं तापलं आहे की पट्ट्यांना जोडणारं सोल्डर वितळून फिरता फिरता बाहेर फेकलं गेलं. वरून कितीही ताजा रंग मारलेला असो, हे थेंब बहुधा कोणी खरवडत नाही. असं मशीन आर्मेचर रिवायंड करायचं आहे, हे धरूनच भाव करा, नाही तर सोडा.

कम्युटेटरवर बोटाला लागेल असा खोल चर असेल तर लेथवर हलका कट घ्यावा लागेल. त्यानंतर पट्ट्यांमधला मायका सुमारे पाऊण मिलिमीटर खाली खरवडायला सांगा, कारण तो वर राहिला तर कार्बन उड्या मारतो आणि ठिणग्या सुरू होतात. शेवटची घासाई काचेच्या पॉलिश पेपरने व्हावी. एमरी पेपरचे कण वीजवाहक असतात, ते पट्ट्यांमध्ये अडकले की शॉर्ट होतं.

वायंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, हे तारेच्या टोकावरचं वार्निश खरवडून बघा. वरचा रंग बघून ठरवू नका, कथिल चढवलेलं तांबंही पांढरं दिसतं. खरवडल्यावर आत लाल निघालं पाहिजे. मग ५०० व्होल्टचा मेगर लावून वायंडिंग आणि बॉडी यांच्यामधला रोध बघायचा. डायोड आणि कंट्रोल कार्ड आधी सोडवून घ्यायला हवेत, नाही तर मेगरनेच ते जातील. १ मेगओहमच्या वर आलं तर ठीक. खाली आलं तर लगेच जळकं ठरवू नका. दोन-तीन पावसाळे उघड्यावर काढलेल्या मशीनमध्ये ओल असते. झाकणं काढून, आत शंभराचा बल्ब लावून दोन दिवस सुकवा आणि पुन्हा मोजा. नागपूरचा मे महिना असेल तर बल्बही लागणार नाही. आकडा चढत गेला तर ओल होती. नाही चढला तर वायंडिंग गेलंय.

डायोडवाल्या मशीनमध्ये मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. एका दिशेने ०.४ ते ०.७ व्होल्ट आणि उलट दिशेने काहीच नाही, असं यायला हवं. दोन्हीकडून शून्य आलं तर तो शॉर्ट आहे. एक डायोड गेला तरी मशीन चालतं, पण आर्क फडफडतो आणि रॉड चिकटतो. विकणारा तेव्हा रॉडला दोष देतो. डायोड बदलणं स्वस्त आहे. हा दोष सापडला तर भाव पाडायला चांगला उपयोग होतो.

एवढं जमलं की मगच इंजिनाकडे वळा, आणि मन जरा सैल सोडा. १९४६ साली पुण्यात सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची ही एक सिलिंडरची इंजिनं विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांवर, जनरेटरवर इतकी पसरली की त्यांचा लायनर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, नोझल तालुक्याच्या गावातही मिळतं. टीव्ही-१ तर इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांतही उभं असतं. लायनर सुटा निघतो, ब्लॉक बोअर करावा लागत नाही. क्रँक झिजला असेल तर तो घासून पाव किंवा अर्धा मिलिमीटर कमी मापाचे बेअरिंग बसतात. कबाडीकडे अनोळखी परदेशी बनावटीचं, दिसायला देखणं मशीन याहून स्वस्त मिळेल. त्याच्या मोहात पडू नका. एका वॉशरसाठी ते तुम्हाला महिनाभर बसवून ठेवेल.

इंजिन थंड असताना बघा. पोचल्या पोचल्या हेडला हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना उठायला त्रास देतं. डीकॉम्प्रेशनची लिव्हर पाडून हँडल फिरवा, कॉम्प्रेशनवर हात परत ढकलला गेला पाहिजे. तेलाची पट्टी काढा. तेल दुधाळ असेल तर पाणी उतरतंय : लायनरचे रबर किंवा हेड गॅस्केट. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर पंपाचा प्लंजर गळतोय. सुरू झाल्यावर निळा धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड. लोड दिल्यावर काळा झाला तर बहुतेक वेळा नोझल. ब्रीदरमधून फुसफुस वाफ येत असेल तर रिंगा-लायनरचे पैसे भावातून कापा.

दोन-तीन वर्षं बंद असलेलं इंजिन आल्या आल्या सुरू करायला जाऊ नका. जुनं डिझेल काढा, टाकी धुवा, फिल्टर आणि तेल नवं घाला, आधी हातानेच दहा-वीस फेरे फिरवा. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हवा काढा, शेवटी नोझलच्या पाइपचा नट ढिला करून काढा. हवा निघाली की हँडल मारताना नोझल कर्र कर्र बोलतो. तो बोलला की इंजिन उठणार. तरीही उठलं नाही तर नोझल बेंचवर न्या. या जातीच्या इंजिनांचा दाब २०० बारच्या आसपास लावतात. तो फवारा बोटावर घेऊन बघायची काहींना सवय असते. तसं करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि बोट कापायची वेळ येते.

खरी परीक्षा रॉड जाळूनच होते. स्वतःचे दहा-बारा १० नंबरचे रॉड न्या, जाड पट्टी न्या, आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर मागून न्या. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी दाखवतो, या मशीनवर तो शून्यच सांगेल. रिकाम्या मशीनवर ६० ते ८० व्होल्ट यायला हवेत. करंट ११०-१२० ला लावून रॉडमागून रॉड जाळा. दोन-तीन रॉड कुठलंही मशीन ओढतं, सहाव्या-सातव्यापासून ते खरं बोलायला लागतं. इंजिन दम धरतं का, गव्हर्नर लगेच सावरतो का, की आवाज सतत वरखाली होतो, हे ऐका. शेवटी मीटरवरचा करंट सुरुवातीच्या आकड्याला बराचसा धरून असला पाहिजे, आणि जनरेटरच्या हवेला वार्निशचा जळका वास नसावा. हे सगळं वस्तीत करू नका. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि एक सिलिंडरचं डिझेल इंजिन ती सहज ओलांडतं. सक्करदऱ्यातल्या दाट गल्लीत शेजाऱ्यांनी का सोसावं? दुकानात लाइटवर, बाहेर डिझेलवर, हाच तुमचा बेत ठीक आहे.

उन्हाचाही हिशेब ठेवा. वेल्डिंग मशीनची क्षमता ४० अंशांच्या हवेसाठी दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मशीन सावलीतच असेल असंही नाही. पाटीवर ६० टक्के ड्युटी असेल तर दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं आराम. उन्हाळ्यात अर्धाअर्धा करा. आरामाच्या वेळी इंजिन बंद करू नका, रिकामं फिरू द्या. पंखा वायंडिंगमधली उष्णता बाहेर काढतो. आणि घामाने भिजलेले हातमोजे बदला. ७०-८० व्होल्टचा झटका कोरड्या अंगाला एक वेळ फारसा जाणवणार नाही, ओल्या अंगाला जीवघेणा ठरू शकतो.

पैशाचं म्हणाल तर हाताशी असलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा काढून उरलेल्यातच सौदा करा. त्या हिश्शातून तेल, फिल्टर, नोझल, कार्बन, बेअरिंग, होल्डर, अर्थिंगचा क्लॅम्प आणि चांगली तांब्याची केबल निघाली पाहिजे. रंग सगळ्यात शेवटी. डिझेल पूर्ण लोडला तासाला साधारण दीड लिटर जाईल, ते गिऱ्हाइकाच्या दरात आधीच धरा.

पावती घ्याच, आणि तीवर इंजिन नंबर लिहून घ्या. तो नंबर ब्लॉकवरच्या ठोक्यांशी जुळवा. अशी बरीच यंत्रं ठेकेदारांकडून किंवा सरकारी कंपन्यांच्या ऑनलाइन लिलावांतून येतात. उमरेडच्या खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्ससारख्या कंपन्या एमएसटीसीच्या लिलावात भंगार काढतात, ‘जिथे आहे, जसं आहे’ या अटीवर. तसा माल असेल तर कबाडीकडे कागद असतोच, तो मागा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विक्रेता ओळखपत्राची प्रत द्यायला कचरत असेल तर भाव कितीही कमी असो, हात लावू नका.

एक पर्याय तरीही विचारात घ्या. महिन्यातून दोन-चारच कामं बाहेर असतील, तर दुकानात बहुधा असलेलं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आणि भाड्याचा साडेसात केव्हीएचा जनरेटर यांवर १० नंबरचा रॉड आरामात जळतो. गावात ट्रॅक्टरवर चालणारा अल्टरनेटर कोणाकडे असेल तर त्यावरही. आठवड्यातून दोन-तीन दिवस बाहेर जायला लागलात, की स्वतःचा डिझेल वेल्डर परवडायला लागेल.

प्रश्न : माझ्या जुन्या कम्युटेटरवाल्या वेल्डरचं इंजिन छान चालतं, पण चार वर्षांनी सुरू केल्यावर करंटच येत नाही. मिस्त्री म्हणतो, ‘वायंडिंग गेलं.’ मेगर मात्र चांगला आला. आणि मुळात आत चुंबक नसताना वीज तयार होते तरी कशी?
– एक वाचक, उमरेड रोड, नागपूर

उत्तर : तुमच्या कुतूहलातच उत्तर दडलेलं आहे. आत चुंबक असतो, पण अगदी नावापुरता. फील्डच्या लोखंडी गाभ्यात मागच्या वेळचं थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. आर्मेचर फिरलं की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वाने दोन-चार व्होल्ट तयार होतात, ते फील्डच्या कॉइलमध्ये जातात, चुंबक थोडा बळकट होतो, व्होल्ट वाढतात, आणि असं होत होत काही सेकंदांत मशीन पूर्ण व्होल्टेजला पोचतं. वेर्नर फॉन सीमेन्स यांचं हे तत्त्व १८६७ च्या जानेवारीत बर्लिनच्या अकादमीपुढे मांडलं गेलं. इंग्लंडमध्ये व्हीटस्टोन आणि व्हार्ली त्याच सुमारास तिथेच पोचले होते. कायमच्या चुंबकाची गरज संपली आणि मोठे जनरेटर शक्य झाले.

चार वर्षं पडून राहिलेल्या गाभ्यातलं ते चुंबकत्व विरून जाऊ शकतं. मग सुरुवातीचे दोन-चार व्होल्टच येत नाहीत आणि पुढची साखळी सुरूच होत नाही. वायंडिंग बदलायच्या आधी हे बघा : कार्बन कम्युटेटरवर टेकलेत का, फील्डचा रेग्युलेटर आतून तुटलेला नाही ना, इंजिन पूर्ण आरपीएमला आहे का, आणि फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का. दुरुस्तीत कोणी दिशा किंवा फील्डच्या तारा उलट्या केल्या असतील, तर उरलेलं चुंबकत्वही पुसलं जातं.

सगळं ठीक असेल तर इंजिन बंद करा, कार्बन उचलून ठेवा आणि शंट फील्डची दोन टोकं बाकीच्या जोडणीतून सोडवा. वेगळा एक्सायटर असेल तर त्याच्या फील्डची टोकं घ्या. १२ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस फील्डच्या प्लसला, मायनस मायनसला, पाच-सात सेकंद. तार काढताना मोठी ठिणगी पडते आणि कॉइल चांगलाच झटका देते, म्हणून उघड्या टोकाला हात लावू नका आणि बॅटरीच्या तोंडापाशी तार सोडवू नका. जोडणी पूर्ववत करून सुरू करा. व्होल्टेज चढलं तर तुमचं रिवायंडिंग वाचलं.

प्रश्न : वेल्डरच्या इंजिनाची डिझेल टाकी तळाशी गळते. रिकामी करून तिथल्या तिथे रॉड मारला तर चालेल का? डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणतात.
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : नाही. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ३५ अंश ठेवलेला आहे. म्हणजे तेवढ्या तापमानाला त्याच्यावरची वाफ ठिणगीने पेटू शकते. नागपुरात मार्च ते जून दुपारची हवाच त्याच्या वर असते, उन्हातल्या टाकीचा पत्रा तर हात ठेववत नाही इतका तापतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पाण्याने धुतलं तरी जोडातलं, गंजाखालचं डिझेल रॉडच्या उष्णतेने पुन्हा वाफ होतं. पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची देशभरची जबाबदारी असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. इंधन साठवलेल्या भांड्यावर गरम काम करायचं, तर आतली वाफ पूर्ण काढून, मीटरने तपासून मगच, हा या क्षेत्रातला पहिला नियम. तो मीटर तुमच्या-माझ्या दुकानात नसतो.

या इंजिनांची टाकी सुटी मिळते, तीच बदला. पण पैसे घालण्याआधी टाकी कोरडी पुसून, तळाला खडू फासून तासभर बघा. ओल कॉकच्या आट्यांपाशी किंवा फिल्टरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपपाशी उमटली, तर टाकी चांगली आहे. वॉशर, नळी आणि दोन्ही क्लिपा नव्या घाला.